भावना आणि कथानकाची घडण : सातारा-सांगली परिसरातील कथनपरंपरेचा ऐतिहासिक विचार

गोषवारा

उत्तर-आधुनिक कथात्म साहित्यात कथानक विस्कळीत होते आणि त्याबरोबर भावनाही क्षीण होते, असा एक समज मराठी समीक्षेत व अध्यापनात रूढ आहे. प्रस्तुत निबंधात सातारा व सांगली या परिसराशी जन्माने, घराण्याने किंवा लेखनविषयाने निगडित असलेल्या लेखकांच्या आधारे हा समज तपासला आहे. विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील नाट्यप्रयोगापासून व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबऱ्यांपर्यंतचा इतिहास पाहता असे दिसते की, कथानकातील कार्यकारणभावाची साखळी जसजशी सैल होत गेली, तसतसे भावनेवरील रचनेचे ओझे वाढत गेले. भावना कथेतून नाहीशी झाली नाही. घटनेचे कारण असलेली भावना पुढे घटनांच्या जोडणीचे तत्त्व बनली. उत्तर-आधुनिक मराठी कादंबरीचे वाचन या पार्श्वभूमीवर करणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : भावना, कथानक, कार्यकारणभाव, भावनानिष्ठ समतानता, नवकथा, उत्तर-आधुनिकता

१. प्रस्तावना

कथा आणि कथानक यांतील भेद शिकविताना ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' या ग्रंथात दिलेले राजा-राणीचे उदाहरण महाविद्यालयीन वर्गांत हमखास सांगितले जाते. राजा मेला आणि त्यानंतर राणी मेली, ही केवळ कथा होय. राणीचा मृत्यू राजाच्या वियोगदुःखाने झाला असे म्हणताच तिचे कथानक बनते. या उदाहरणावरून कथानक म्हणजे कार्यकारणभाव, हे सूत्र विद्यार्थ्यांच्या मनावर ठसते. परंतु त्यातील एक गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. फॉर्स्टर यांनी दोन मृत्यूंना जोडणारा जो दुवा निवडला, तो राजकारणाचा वा रोगराईचा नाही. तो दुःखाचा आहे. म्हणजे कथानकाच्या सर्वपरिचित व्याख्येतच भावना हे कारण म्हणून उपस्थित आहे.

भारतीय परंपरेतही हा संबंध जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात इतिवृत्ताला नाट्याचे शरीर मानले असून त्याच्या पाच संधींची योजना रसनिष्पत्तीच्या दृष्टीने केलेली आहे. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या कथानकाचा विचार करताना भीती व करुणा या भावनांचा निकष लावला. अलीकडच्या काळात पॅट्रिक कोलम होगन यांनी 'द माइंड अँड इट्स स्टोरीज' (२००३) आणि 'अफेक्टिव्ह नॅरेटॉलॉजी' (२०११) या ग्रंथांत जगातील कथांच्या ढाच्यांमागे मानवी भावनांची घडण असते, असा सिद्धान्त मांडला. विशेष म्हणजे त्यासाठी त्यांनी संस्कृत रसविचाराचाही आधार घेतला.

याउलट उत्तर-आधुनिकतेच्या चर्चेत भावनेच्या ओहोटीची कल्पना प्रभावी ठरली. फ्रेड्रिक जेम्सन यांनी १९८४ च्या दीर्घ लेखात आणि पुढे १९९१ च्या ग्रंथात ही कल्पना मांडली. एडवर्ड मुंक यांच्या 'किंकाळी' या चित्रात एका व्यक्तीच्या अंतरंगातील वेदना बाहेर फुटते. अँडी वॉरहॉल यांच्या चित्रांत असे अंतरंगच उरत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. सर्व भावना नष्ट झाल्या, असे जेम्सन म्हणत नाहीत. कुणा एका व्यक्तीच्या मालकीच्या न राहिलेल्या, सुट्या तीव्रता शिल्लक राहतात, असे त्यांचे म्हणणे आहे. तथापि मराठीत हा विचार येताना त्यातील ही सूक्ष्मता गळून पडली आणि 'उत्तर-आधुनिक म्हणजे कथानकहीन, कथानकहीन म्हणजे भावनाहीन' असे सोपे समीकरण तयार झाले. हे समीकरण मराठी कथनपरंपरेच्या इतिहासाला कितपत धरून आहे, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

२. अभ्यासाची व्याप्ती

आज सातारा व सांगली हे दोन स्वतंत्र जिल्हे असले, तरी त्यांचा साहित्यिक इतिहास वेगळा काढता येत नाही. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा काही भाग आणि सांगली, मिरज, औंध, जत इत्यादी संस्थानांतील प्रदेश मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा अस्तित्वात आला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे वाळवे तालुक्यातील वाटेगाव, इस्लामपूर किंवा औंध संस्थानातील माडगूळ ही आज सांगली जिल्ह्यात गणली जाणारी गावे लेखकांच्या बालपणी वेगळ्या प्रशासनाखाली होती. पटवर्धनांचे सांगली, पंतप्रतिनिधींचे औंध, थेट इंग्रजी अमलाखालील सातारा आणि १९४३ नंतरचे नाना पाटलांचे प्रतिसरकार अशा भिन्न सत्तांचा अनुभव या एकाच परिसराने घेतला.

अभ्यासासाठी लेखकांची निवड करताना तीन प्रकारचे संबंध ग्राह्य धरले आहेत : जन्म, घराण्याचे मूळ गाव आणि लेखनाचा विषय. मर्ढेकरांचा जन्म खानदेशातील फैजपूरचा, परंतु त्यांचे घराणे सातारा जिल्ह्यातील मर्ढे या गावचे. खांडेकरांचा जन्म व शालेय शिक्षण सांगलीचे, तर त्यांचे लेखन शिरोडे व कोल्हापूर येथे बहरले. हा परिसर म्हणजे एखादी स्वयंपूर्ण 'साहित्यशाळा' होती, असा दावा येथे केलेला नाही. भावना आणि कथानक यांच्या संबंधाची निरनिराळी रूपे एका मर्यादित भूप्रदेशाच्या निमित्ताने एकत्र पाहता येतात, एवढेच या निवडीचे प्रयोजन आहे. मांडणी काटेकोर कालक्रमाने न करता या संबंधाच्या प्रकारानुसार केली आहे.

३. ज्ञात कथा आणि रसाची योजना

सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' या नाटकाचा प्रयोग सादर केला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ ही त्यामागील तात्कालिक प्रेरणा होती. या नाटकांचे कथानक रामायण-महाभारतातून घेतलेले असे. स्वयंवरात धनुष्य कोण मोडणार, हे प्रेक्षकांपैकी प्रत्येकाला ठाऊक होते. पुढे काय होणार ही उत्सुकता, म्हणजे आधुनिक कथानकाचा जो मुख्य आधार, तो येथे उपलब्धच नव्हता.

मग प्रयोगाची रचना कशाच्या बळावर उभी राहत असे? गणपती व सरस्वती यांच्या आवाहनानंतर सूत्रधार पद्यांतून कथा पुढे नेई आणि पात्रे त्या त्या प्रसंगाला अनुसरून उत्स्फूर्त भाषण करीत. नटांची विभागणीही देवपार्टी, राक्षसपार्टी, ऋषिपार्टी, स्त्रीपार्टी अशी असे. ही विभागणी वरवर पाहता सोयीची वाटते. प्रत्यक्षात ती रसांचीच विभागणी आहे. राक्षसांच्या आरडाओरड्यातून रौद्र व भयानक, स्त्रीपार्टीच्या विलापातून करुण, विदूषकाकडून हास्य अशी भावनांची पाळी लागत असे. कोणता प्रसंग लांबवायचा आणि कोणता दोन पद्यांत उरकायचा, हे घटनेच्या महत्त्वावर ठरत नसून रसाच्या परिपोषावर ठरत असे.

या प्रयोगांत सूत्रधार रंगमंचावर सतत उपस्थित असतो, कथा सांगतो आणि ती घडतानाही पाहतो. उत्तर-आधुनिक कादंबरीत निवेदक स्वतःच्या निवेदनाकडे बोट दाखवितो, त्याच्याशी याचे वरवरचे साम्य आहे. तथापि एवढ्यावरून भावे यांच्या नाटकाला उत्तर-आधुनिक ठरविणे इतिहासाला सोडून होईल. सूत्रधाराच्या उपस्थितीमुळे पौराणिक कथेवरील श्रद्धेला धक्का लागत नाही. उलट तिला आधार मिळतो. येथे घेण्याजोगा निष्कर्ष मर्यादित आहे. उत्सुकतेवर उभे नसलेले कथानकही रचनाबद्ध असू शकते आणि ती रचना भावनेच्या चढउतारातून सिद्ध होते, ही जाणीव या परिसरातील प्रेक्षकांना मराठी कादंबरीच्या जन्मापूर्वीच होती.

४. भावना हे घटनेचे कारण : 'ययाति' आणि 'फकिरा'

मुद्रित कादंबरीने नवी शिस्त आणली. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथाने कथानकाच्या तंत्राला शास्त्राचे रूप दिले. गुंतागुंत, निरगाठ आणि उकल यांची योजना साधली की कथा रेखीव होते, या विचाराचा प्रभाव पुढे दीर्घकाळ टिकला. सांगलीत १८९८ मध्ये जन्मलेले वि. स. खांडेकर हे फडक्यांच्या कलावादी भूमिकेचे विरोधक म्हणून ओळखले जातात. परंतु कथानक हे बांधेसूद असावे, या बाबतीत दोघांत फारसे अंतर नव्हते. भेद होता तो निरगाठ कशाची, यात. खांडेकरांच्या कादंबरीत ती बहुधा अंतःकरणातील दोन ओढींची असते. 'हृदयाची हाक' (१९३०), 'दोन ध्रुव' (१९३४), 'दोन मने' (१९३८) ही शीर्षकेच त्याची साक्ष देतात.

१९५९ हे वर्ष या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. या एकाच वर्षी खांडेकरांची 'ययाति' आणि वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. पहिलीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि खांडेकरांना १९७४ चे ज्ञानपीठ मिळण्यात तिचा वाटा मोठा होता. दुसरीला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. या दोन कृतींचा विचार मराठी समीक्षेत क्वचितच एकत्र होतो. एक पौराणिक-मानसिक, दुसरी ग्रामीण-दलित अशा वेगळ्या कप्प्यांत त्या राहतात. भावना आणि कथानक यांच्या संबंधाच्या दृष्टीने मात्र त्या परस्परांना उजळतात.

'ययाति'ची कथा महाभारतातील असल्याने तीही ज्ञात आहे. खांडेकरांनी ती ययाति, देवयानी व शर्मिष्ठा यांच्या प्रथमपुरुषी निवेदनांतून सांगितली. वस्त्रांच्या अदलाबदलीसारखा क्षुल्लक प्रसंग देवयानीच्या दुखावलेल्या अहंकारामुळे शर्मिष्ठेच्या दास्यापर्यंत पोचतो. ज्याला देवयानी आपला अपमान म्हणते, त्याच घटनेला शर्मिष्ठा आपल्या आयुष्याचे उलटणे म्हणते. येथे घटना एक असली, तरी तिचे कथानकातील स्थान निवेदकाच्या भावनेनुसार बदलते. ययातीची अतृप्ती ही तर कादंबरीची चालक शक्तीच आहे. ती दर टप्प्यावर नवी घटना निर्माण करते आणि अखेरीस मुलाचे यौवन मागण्यापर्यंत जाते. पश्चात्तापाचा उदय झाल्याशिवाय कथानक थांबू शकत नाही, कारण ज्या भावनेने ते सुरू केले, तिचा विरोधी भावच त्याला विराम देऊ शकतो.

'फकिरा'तही भावना हेच कारण आहे, परंतु ती एका व्यक्तीची नाही. गावाच्या मानासाठी जोगणी आणताना रानोजीने प्राण गमावले. त्या बलिदानाची स्मृती फकिराच्या वाट्याला वारसा म्हणून येते. दुष्काळात माणसे उपाशी मरू लागतात तेव्हा धान्याची लूट होते, पुढे सरकारी खजिन्याची लूट होते. शेवटी आपल्या माणसांना सरकारने कोंडल्यावर त्यांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतःहून हजर होतो. भूक, अपमान, निष्ठा आणि जबाबदारी या क्रमाने कादंबरी पुढे सरकते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांच्या कृतीमागील कारण सांगणे ही येथे केवळ तांत्रिक गरज राहत नाही. पोलिसी नोंदीत फक्त लूट असते; लुटीचे कारण नसते. कादंबरी ते कारण पुरविते. फॉर्स्टर यांच्या परिभाषेत बोलायचे तर सरकारी दप्तरातील कथेचे कथानक करणे हेच 'फकिरा'चे कार्य आहे आणि ते भावनेच्या दुव्याशिवाय शक्य नव्हते.

या तुलनेतून एक सावधगिरी निष्पन्न होते. कार्यकारणभावाने बांधलेले कथानक हे जुनाट, म्हणून त्याज्य, असा सूर उत्तर-आधुनिकतेच्या उत्साहात लावला जातो. ज्यांच्या जगण्याला आजवर कुणी कारणच दिले नव्हते, अशा समूहांच्या लेखकांना कारण सांगण्याचा हक्क सोडून देणे परवडणारे नव्हते, हे 'फकिरा' दाखवून देते. कथानकाचा त्याग हा ज्याच्यापाशी कथानक आधीपासून आहे, त्यालाच सुलभ असतो.

५. भावना हे जोडणीचे तत्त्व : मर्ढेकर आणि नवकथा

बा. सी. मर्ढेकर (१९०९-१९५६) यांचा विचार सामान्यतः कवी म्हणून होतो. 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेच्या आरोपावरून झालेला खटला आणि त्यातून त्यांची झालेली निर्दोष मुक्तता यांमुळे त्यांच्या कवितेभोवतीची चर्चा अधिकच वाढली. परंतु त्यांनी 'रात्रीचा दिवस' (१९४२), 'तांबडी माती' (१९४३) आणि 'पाणी' (१९४८) या तीन कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांपैकी 'रात्रीचा दिवस' ही मराठीतील संज्ञाप्रवाही कादंबरीचा आरंभ मानली जाते. या कादंबरीत बाह्य घटना जवळजवळ नगण्य असून मनात उठणाऱ्या स्मृती, शब्द व प्रतिमा यांच्या ओघाने निवेदन पुढे जाते.

या ओघाला एकत्र ठेवणारे तत्त्व कोणते, याचे उत्तर मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात सापडते. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संकलित झालेल्या त्यांच्या विवेचनानुसार साहित्याचे माध्यम नुसता शब्द नसून शब्दांचे भावनात्मक अर्थ हे आहे. या अर्थांची रचना संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी होते. प्रतिमेच्या संदर्भात त्यांनी 'भावनानिष्ठ समतानता' ही संकल्पना मांडली. पारंपरिक उपमेत दोन वस्तूंमध्ये रूपाचे, रंगाचे वा गुणाचे साम्य असते. भावनानिष्ठ समतानतेत असे इंद्रियगोचर साम्य नसले तरी चालते. दोन्ही वस्तूंमधून जाणवणारी भावना समान असणे पुरेसे असते. ओसाड पडलेले घर आणि सुकलेली विहीर यांच्या आकारात काही साम्य नाही, पण एकाच्या उल्लेखाने दुसऱ्याची आठवण होते ती उजाडपणाच्या समान भावामुळे.

ही संकल्पना प्रामुख्याने काव्याच्या संदर्भात चर्चिली गेली. रा. भा. पाटणकर यांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथानेही मर्ढेकरांच्या भूमिकेची कठोर चिकित्सा केली. परंतु कथानकाच्या इतिहासात तिचे महत्त्व वेगळेच आहे. 'ययाति'मध्ये एका प्रसंगामुळे दुसरा प्रसंग घडतो. भावनानिष्ठ समतानतेचे तत्त्व कथनाला लावले तर एका प्रसंगाशेजारी दुसरा प्रसंग येतो, तो पहिल्याचा परिणाम म्हणून नव्हे, तर त्याच भावाचा प्रतिध्वनी किंवा विरोध म्हणून. म्हणजे भावना आता घटनेचे कारण राहत नाही. ती घटनांची शेजारजोड ठरविते. कार्यकारणाची दोरी सुटल्यावर मणी विखुरले नाहीत, कारण त्यांना धरून ठेवणारा दुसरा धागा मर्ढेकरांनी दाखवून दिला होता.

नवकथेने हे तत्त्व व्यवहारात आणले. १९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे व व्यंकटेश माडगूळकर यांनी कथेला जे वळण दिले, त्याचा सर्वसाधारण उल्लेख 'घटनाप्रधान कथेकडून मनोविश्लेषणाकडे' असा होतो. या चौघांपैकी गोखले यांचा जन्म इस्लामपूरचा (१९१९) आणि माडगूळकरांचा माडगूळचा (१९२७). गोखले आयुष्यभर कथाच लिहीत राहिले. त्यांच्या कथेत पात्राच्या मनातील एखादा भावक्षण मध्यवर्ती असतो आणि मागील घटना त्या क्षणाच्या प्रकाशात, आवश्यक तेवढ्याच, उलगडतात. आधी काय घडले आणि नंतर काय घडले यापेक्षा काय आठवले, याला तेथे प्राधान्य मिळते. स्मरणाचा क्रम हा भावनेचा क्रम असतो, दिनदर्शिकेचा नसतो.

६. अनुच्चारित भावना : व्यंकटेश माडगूळकर

माडगूळकरांच्या लेखनात हा प्रवास आणखी एका टप्प्यावर जातो. 'माणदेशी माणसं' (१९४९) या व्यक्तिचित्रांपासूनच त्यांची शैली अल्पाक्षरी आहे. 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीत औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर नेमलेला तरुण मास्तर निवेदन करतो. शाळेत मुले जमविणे, कारभाऱ्याची मर्जी सांभाळणे, तालीम बांधणे, राजेसाहेबांना उद्घाटनास आणणे असे प्रसंग एकामागून एक येतात. त्यांच्यात फडक्यांच्या अर्थाने निरगाठ नाही. नायक-प्रतिनायक नाहीत. शेवटी दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन जगायला निघून जातात आणि रिकाम्या वाडीतून मास्तरही बाहेर पडतो.

या कादंबरीला कथानक नाही, असे अनेकदा म्हटले गेले आहे. काळजीपूर्वक पाहिल्यास तिची रचना दोन भावांच्या क्रमशः वाढ-घटीवर उभी आहे, असे दिसते. पूर्वार्धात परकेपणा कमी होत जातो. प्रत्येक प्रसंग मास्तराला वाडीच्या थोडे अधिक जवळ नेतो. तालीम उभी राहते तेव्हा ही जवळीक कळसाला पोचते. उत्तरार्धात दुष्काळाच्या पावलाने ती जवळीक निरुपयोगी ठरत जाते. बैल नाही म्हणून शेकूची बायको जोखडाला खांदा देते, हा प्रसंग याच रचनेत अर्थपूर्ण होतो. निवेदक त्यावर भाष्य करीत नाही, हळहळत नाही. पुढील कोणतीही घटना त्या प्रसंगामुळे घडत नाही. तरीही तो प्रसंग काढून टाकला तर वाडी उठून जाण्याचा शेवट पोकळ होईल. कारण म्हणून तो प्रसंग अनावश्यक आहे. भावनेच्या सिद्धतेसाठी अपरिहार्य आहे.

'वावटळ' (१९६४) या कादंबरीत हे तंत्र अधिक कठीण कसोटीला लागले. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात, विशेषतः सातारा, सांगली व कोल्हापूर भागांत, ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. हा या परिसराच्या सामाजिक इतिहासातील जखमेचा विषय आहे आणि त्याविषयी दोन्ही बाजूंनी बोलणे दीर्घकाळ टाळले गेले. अशा विषयावर कार्यकारणाचे कथानक रचणे सहज शक्य होते. अपराधी कोण, बळी कोण, सूड कोणता, अशी मांडणी वाचकाला ओळखीची असते. माडगूळकरांनी घटनेनंतर सोळा वर्षांनी लिहिताना हा मार्ग टाळला. पुण्याहून गावाकडे निघालेल्या तरुणांच्या प्रवासाला त्यांनी रचनेचा कणा केले. धास्ती, अनिश्चितता, गाव जवळ येताना वाढत जाणारी शंका आणि जळालेल्या घरासमोर आलेले सुन्नपण अशा क्रमाने कादंबरी उलगडते. संतापाऐवजी सुन्नपण मध्यवर्ती ठेवल्यामुळे सूडाचे कथानक उभेच राहत नाही. भावनेची निवड ही येथे कथानकाची निवड आहे आणि कथानकाची निवड ही नैतिक निवड आहे.

पुढे 'सत्तांतर' (१९८२) या, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या कृतीत त्यांनी वानरटोळीतील सत्तासंघर्ष चित्रित केला. मानवी मनोव्यापारांची भाषा जवळजवळ वगळूनही भय, वर्चस्व व अपत्यस्नेह यांच्या बळावर कथन पूर्णत्वाला जाते. भावनेला बोलून दाखविणारे पात्र नसतानाही ती रचना घडवू शकते, याचे हे टोकाचे उदाहरण म्हणता येईल.

७. उत्तर-आधुनिक कादंबरीकडे

या पार्श्वभूमीवर मराठीतील ज्या कृतींचा उल्लेख उत्तर-आधुनिकतेच्या चर्चेत वारंवार होतो, त्यांच्याकडे वळता येईल. त्यांचे लेखक या परिसरातील म्हणून येथे घेतलेले नाहीत. परिसरातील परंपरेने जे प्रश्न उपस्थित केले, त्यांची कसोटी म्हणून त्यांचा विचार केला आहे.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीला काटेकोर अर्थाने उत्तर-आधुनिक म्हणावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. तथापि कादंबरीच्या रूढ बांध्याची ती थट्टा करते, याविषयी दुमत नाही. पांडुरंग सांगवीकरचे निवेदन उपहास, यादी, दैनंदिनी अशा रूपांत भटकत राहते. परंतु धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचा भाग येताच या भटकंतीचा अर्थ पालटतो. आधीची थट्टा ही बेफिकिरी होती. नंतरची थट्टा दुःखावरचे झाकण वाटू लागते. या मृत्यूमुळे पुढे कोणतीही मोठी घटना घडते असे नाही. 'बनगरवाडी'तील जोखडाच्या प्रसंगाप्रमाणे तो साखळीचा दुवा नसून रचनेचा गुरुत्वमध्य आहे.

किरण नगरकर यांच्या 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) मध्ये काळाचा क्रम मोडलेला आहे. कुशंकच्या आयुष्यातील तुकडे वाचकाला स्वतः जुळवावे लागतात. जुळविण्याची खूण म्हणून तारखा मिळत नाहीत. वेदना, वासना व विनोद यांच्या पुनरावृत्तीतून संबंध लागतात. मर्ढेकरांनी प्रतिमेविषयी जे म्हटले, ते येथे प्रसंगांच्या पातळीवर लागू पडते.

श्याम मनोहर यांच्या कादंबऱ्यांत, 'हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव' (१९८३) पासून 'उत्सुकतेने मी झोपलो' (२००६) पर्यंत, पात्रांच्या हातून फारसे काही घडत नाही. ती विचारतात, बोलतात, अडखळतात. २००८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या दुसऱ्या कादंबरीच्या शीर्षकातच 'उत्सुकता' आहे. पारंपरिक कथानक वाचकाच्या उत्सुकतेवर चालते. पुढे काय, हे जाणण्यासाठी तो पाने उलटतो. येथे उत्सुकता हे साधन न राहता चिंतनाचा विषय होते. सांगलीच्या १८४३ मधील प्रेक्षकाला पुढे काय होणार हे ठाऊक होते, म्हणून उत्सुकता गौण होती. या कादंबरीच्या वाचकाला पुढे काही ठरावीक होणारच नाही हे हळूहळू कळते, म्हणून ती गौण ठरते. दोन्ही ठिकाणी तिची जागा अन्य भावस्थितींच्या मांडणीने भरून काढली जाते. कारणे मात्र परस्परविरुद्ध आहेत : एका ठिकाणी सर्वमान्य महाकथेवरील विश्वास, तर दुसऱ्या ठिकाणी ज्याँ-फ्रान्स्वा ल्योतार यांनी १९७९ मध्ये वर्णिलेला महाकथनांवरील अविश्वास.

८. काही आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, भावनेला 'जोडणीचे तत्त्व' म्हटले की कोणत्याही विस्कळीत लेखनाला रचना असल्याचे सिद्ध करता येईल. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय म्हणून वगळण्याची कसोटी वापरता येते. एखादा प्रसंग काढल्याने अन्य प्रसंगांचा भावार्थ बदलत असेल, तर तो रचनेचा भाग आहे. काही बदलत नसेल, तर विस्कळीतपणा हा केवळ विस्कळीतपणाच आहे. सर्वच प्रयोगशील लेखन या कसोटीला उतरत नाही.

दुसरा आक्षेप प्रदेशाच्या निकषाविषयी आहे. मर्ढेकरांची संवेदना महानगरी, त्यांचे वाचन युरोपीय. त्यांना मूळ गावामुळे साताऱ्याशी जोडणे कृत्रिम वाटू शकते. हे अंशतः मान्य करावे लागेल. परंतु बाहेरून आलेला विचार आणि मातीतून आलेला विचार अशी सरळ विभागणी या परिसराच्या बाबतीत टिकत नाही. भावे यांनी कन्नड भागवत मंडळींकडून घेतले, खांडेकरांनी खलील जिब्रानला मराठीत आणले, अण्णा भाऊंनी रशियन साहित्याला आपले मानले. घेणे हा या परंपरेचा नित्याचा व्यवहार होता. म्हणून उत्तर-आधुनिकता उसनी की अस्सल, हा वाद येथे फलदायी ठरत नाही. घेतलेली गोष्ट आधीच्या कोणत्या सवयीवर रुजली, हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, सातारा-सांगली परिसरातील कथनपरंपरेत भावना आणि कथानक यांच्या संबंधाची चार रूपे दिसतात : ज्ञात कथेतील रसयोजना, घटनेचे कारण म्हणून भावना, प्रसंगांच्या जोडणीचे तत्त्व म्हणून भावना आणि उच्चार टाळून वाचकावर सोपविलेली भावना. ही रूपे एकामागून एक येऊन आधीच्यांना नष्ट करीत नाहीत. 'बनगरवाडी'नंतर चार वर्षांनी 'ययाति' व 'फकिरा' येतात. दोन, उत्तर-आधुनिक कादंबरीतील कथानकाचे विघटन हे भावनेच्या लोपाचे लक्षण नाही. कारणाचे काम कमी झाल्यावर मांडणीचे काम भावनेकडे येते. तीन, कार्यकारणाचे कथानक आणि विघटित कथानक यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा क्रम लावणे अनैतिहासिक ठरते, कारण कोणत्या समूहाला कोणत्या काळी कशाची गरज होती, हे त्यात विसरले जाते.

अध्यापनाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. उत्तर-आधुनिक कादंबरी शिकविताना 'येथे कथानक नाही' असे सांगून थांबणे पुरेसे नाही. एका प्रसंगाशेजारी दुसरा प्रसंग का ठेवला, त्यातील कोणता भाव दोहोंना धरून आहे आणि तो काढला तर काय कोसळते, हे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतात. माणदेशातील किंवा वाळवे तालुक्यातील विद्यार्थ्याला हे प्रश्न परके वाटण्याचे कारण नाही. दुष्काळात गाव उठून जाते, तेव्हा त्या हकिगतीला गुंतागुंत व उकल नसते. तरीही ती सांगणारा काय आधी सांगावे आणि काय शेवटी, हे चुकत नाही. ती जाण कोठून येते याचा शोध घेणे हे साहित्याच्या इतिहासाचे काम आहे आणि प्रादेशिक म्हणून बाजूला ठेवलेल्या लेखकांकडे पुन्हा वळल्याशिवाय ते पूर्ण होणार नाही.